काडेपेटी आणि संस्थापकांची नावं: एका फ्रॅटर्निटी चॅप्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एका सरकारी विद्यापीठातल्या दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटीचं आहे. विद्यापीठ, संघटना आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत; कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. काळ कोविडनंतरचा, वर्ग पुन्हा प्रत्यक्ष भरू लागले तेव्हाचा.

फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली मुलांची संघटना. एकदा आत गेलात की जन्मभराचे ‘ब्रदर’. ग्रीक अक्षरांची पहिली संघटना, फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. गुप्त खूण, ब्रीदवाक्य, हस्तांदोलनाची खास तऱ्हा ही सगळी सामग्री तिथूनच पुढे पसरली. गंमत म्हणजे तिने स्वतः नंतर गुप्तता सोडून दिली आणि ती हुशार विद्यार्थ्यांना मान देणारी संस्था झाली. आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात त्या प्रकाराची सुरुवात १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात निघालेल्या कॅपा अल्फा सोसायटीपासून धरतात.

पुढची शंभरेक वर्षं ही दारं बहुतेक ठिकाणी गोऱ्या ख्रिस्ती मुलांपुरतीच उघडी होती. ज्यांना आत घेतलं नाही त्यांनी आपापली वेगळी चूल मांडली. ज्यू विद्यार्थ्यांची झीटा बीटा टाऊ १८९८ मध्ये न्यूयॉर्कला, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला, चिनी विद्यार्थ्यांची ऱ्हो साय १९१६ मध्ये, तीही कॉर्नेललाच. भारतीयांची पाळी उशिरा आली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या डॉक्टर-इंजिनियरांची मुलं कॉलेजात पोचली ती १९८० आणि ९० च्या दशकांत, आणि देशी फ्रॅटर्निट्या निघाल्या त्या ९० च्या दशकात, न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया, टेक्सस, कॅलिफोर्निया इथल्या विद्यापीठांतून.

आपल्या प्रकरणातली संघटना या मोठ्या देशी फ्रॅटर्निट्यांपैकी नव्हे. तीन विद्यापीठांपुरती, प्रत्येक ठिकाणी एक शाखा, म्हणजे ‘चॅप्टर’; पगारी कर्मचारी एकही नाही, कारभार बघायला माजी सदस्यांचं एक मंडळ. तिची जन्मकथा २००१ च्या शरद ऋतूतली. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावात एका शीख पेट्रोल पंपमालकाचा गोळ्या घालून खून झाला होता. पगडी, दाढी, सावळा रंग, हिजाब यांपैकी काहीही पुरेसं होतं. या विद्यापीठातल्या सात मुलांनी तेव्हा एक साधं काम हाती घेतलं: रात्री उशिरा लायब्ररीतून निघणाऱ्या देशी मुलामुलींना त्यांच्या खोलीपर्यंत सोडायला जायचं. वर्षभर हे चाललं आणि त्यातूनच संघटना झाली. मूल्यं तीन ठरली: बंधुभाव, विद्या, सेवा.

हे इतकं सांगितलं कारण पुढचा सगळा गोंधळ याच इतिहासाच्या नावाने झाला.

काय चाललं होतं

नव्या मुलांना, म्हणजे ‘प्लेज’ना, आठ आठवड्यांचा उमेदवारीचा काळ असे. त्यात पुस्तिका पाठ करायची. संस्थापकांची सात नावं क्रमाने, प्रत्येकाचा मेजर विषय, स्थापनेची तारीख, प्रत्येक तुकडी आणि तिचं टोपणनाव, ग्रीक मुळाक्षरं. शिकवायला एक ‘एज्युकेटर’, स्वतः वीस वर्षांचा. विद्यापीठाच्या कागदावर या बैठकांचं नाव ‘अभ्यासाचे तास’ असं होतं. त्या भरायच्या कॅम्पसबाहेरच्या एका भाड्याच्या घराच्या तळघरात, रात्री अकरानंतर.

त्या सत्रात सहा प्लेज होते. त्यांतला एक मराठी. घर कॅम्पसपासून तासाभरावर, त्यामुळे पाचव्या आठवड्यात एका शनिवारी तो कपडे धुवायला म्हणून घरी आला. आईने वरण-भात वाढला तर पठ्ठ्या चमचा मागायला लागला. हा मुलगा लहानपणापासून भात हातानेच कालवणारा. तिने उजवा हात ओढून पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींची टोकं भाजलेली. एक फोड फुटून पांढरा पडलेला, शेजारी जुन्या फोडाची काळपट साल.

थोड्या वेळाने, बरंच उलटसुलट बोलून झाल्यावर, कळलं ते असं. काडेपेटीतली काडी पेटवून हातात धरायची आणि ती संपायच्या आत मुळाक्षरं म्हणायची. जमलं तर नावं. चुकलं की पुन्हा नवी काडी, आणि चुकणाऱ्याचा हिशेब बाकी पाचजणांच्या पुश-अप्समध्ये. भिंतीला पाठ लावून, खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायचं. पहाटे तीनपर्यंत. काडीने मुळाक्षरं म्हणवून घेण्याची ही तऱ्हा अमेरिकेत जुनी आहे, बऱ्याच संघटनांत चालते, आणि बहुतेक ठिकाणी ती ‘गमतीची’ म्हणूनच खपते.

“आई, तू प्लीज यात पडू नकोस. तीन आठवडे राहिलेत,” हे त्याचं म्हणणं.

आई महाराष्ट्रातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये राहून शिकलेली. रॅगिंग म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा, तिची डिग्री त्याआधीची. त्या कायद्यात रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण तिला महत्त्वाचं वाटलं ते दुसरं कलम: तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि तो गप्प बसला तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. तिने त्याच दुपारी फोन लावला. विद्यापीठाला नाही. चॅप्टरच्या सल्लागाराला.

सल्लागार संघटनेचा माजी सदस्य, तिशी ओलांडलेला, नोकरी सांभाळून फुकट हे काम करणारा. मराठीच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोन्ही घरांची ओळख. संभाषण दोघांनीही नंतर जवळपास सारखंच सांगितलं.

“काकू, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. मी बघतो.”

“सोमवारपर्यंत कसला वेळ? तो उद्या रात्री परत तिथेच जाणार आहे.”

समोरचे पर्याय

सल्लागाराची अडचण नुसती वेळेची नव्हती. पंधराएक वर्षांपूर्वी त्याच तळघरात नाही तरी तशाच एका तळघरात त्यानेही काडी धरली होती आणि नंतरच्या वर्षी दुसऱ्यांना धरायला लावली होती. मंडळातल्या पाचापैकी चौघांची तीच कथा. शनिवारी रात्री त्यांचा फोनवर कॉल झाला. त्यात चार वाटा बोलल्या गेल्या.

पहिली, घरातल्या घरात मिटवायचं. अध्यक्षाला झापायचं, काड्या आणि रात्रीच्या बैठका बंद, उरलेले तीन आठवडे साधेपणाने काढून मुलांना ‘क्रॉस’, म्हणजे पूर्ण सदस्य, करून घ्यायचं. यात कोणाचंच नुकसान नाही असं तिघांना वाटलं. खुद्द प्लेजनाही हेच हवं असणार हेही खरं होतं. पाच आठवडे सोसलेल्याला सहाव्यात ‘सगळं रद्द’ म्हणून सांगणं ही त्याच्या दृष्टीने दुसरी शिक्षाच.

दुसरी, आपणहून विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ ऑफिसला, म्हणजे अशा संघटनांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला, कळवायचं. म्हणजे चॅप्टर तात्काळ निलंबित, चौकशी, कदाचित पोलीस. अनेक राज्यांत हेझिंग, म्हणजे तिथलं रॅगिंग, हा गुन्हा आहे आणि ‘मुलं स्वखुशीने आली होती’ हा बचाव बऱ्याच ठिकाणी चालत नाही. विमा अशा वेळी हात वर करतो, हेही मंडळातल्या एका वकिलाने सांगितलं.

तिसरी, चॅप्टरच बंद करून टाकायचा. ही एकानेच मांडली, आणि तीही रागाने.

चौथी, उमेदवारीचा काळच काढून टाकायचा. याला आधार होता. झीटा बीटा टाऊने १९८९ मध्ये प्लेज ही अवस्था रद्द केली. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या मोठ्या आणि जुन्या संघटनेने मार्च २०१४ मध्ये तेच केलं: निमंत्रण स्वीकारल्यापासून ९६ तासांत पूर्ण सदस्य. पण हा लांबचा उपाय झाला. त्या रात्रीच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं.

पहिल्या वाटेचं पारडं जड होत असताना वकिलाने डिसेंबर २०१३ चं प्रकरण काढलं, आणि ते इथे सांगायलाच हवं. न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातल्या पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या मुलांनी पेनसिल्वेनियातल्या पोकोनो डोंगरांत घर भाड्याने घेतलं. तिथे एका विधीत प्लेजच्या डोळ्यांवर पट्टी, पाठीवर जड ओझं, आणि थंडीने गारठलेल्या मैदानातून चालत असताना त्याला ढकलायचं, पाडायचं. विधीचं नाव होतं ‘ग्लास सीलिंग’. आशियाई माणसाला या देशात काय सोसावं लागतं त्याचं ते म्हणे प्रतीक. पहिल्या वर्षातला एक मुलगा बेशुद्ध पडला. लक्षणं इंटरनेटवर शोधण्यात आणि फ्रॅटर्निटीच्या खुणा लपवण्यात वेळ गेला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, मुलगा वाचला नाही. २०१७ मध्ये ज्यूरीने खुद्द संघटनेला दोषी धरलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिला पेनसिल्वेनियात दहा वर्षं बंदी झाली.

तिथेही छळ झाला तो इतिहास आणि मूल्यं शिकवण्याच्या नावाखालीच. मंडळातल्या लोकांना हे लागलं. तरीही शनिवारी रात्री ठरलं ते पहिल्या वाटेचंच: आत्ता थांबवा, सोमवारी बोलू.

काय केलं

सल्लागाराने रात्री साडेदहाला अध्यक्षाला फोन केला. अध्यक्ष घाबरला, हो म्हणाला, गटात निरोप टाकला. रविवारी रात्री एज्युकेटरने सहाही जणांना बोलावलं. काड्या नाहीत, पुश-अप्स नाहीत, फक्त ‘शेवटचं एकदा बोलायचं आहे’. बोलणं पहाटे दोनपर्यंत चाललं आणि त्याचा विषय एकच: बाहेर कोण बोललं?

मराठी मुलाने काही कबूल केलं नाही, पण बोटांना मलमपट्टी घरून करून आलेला तो एकटाच होता.

सोमवारी सकाळी सल्लागाराला हे कळलं ते दुसऱ्या एका प्लेजच्या मेसेजवरून. त्याने मंडळाला विचारलं नाही. आठ वाजता ग्रीक लाइफ ऑफिसला मेल पाठवला, नऊला फोन केला. आणखी एक गोष्ट त्याने केली, जी चौकशीत सगळ्यांत कामी आली: अध्यक्षाला स्पष्ट लिहिलं की ग्रुप चॅट, फोटो, पुस्तिका, तळघरातलं सामान, कशालाही हात लावायचा नाही. तोवर दोघांनी चॅट पुसलं होतं. बाकीच्यांकडे शिल्लक होतं.

त्याच दुपारी चॅप्टर तात्पुरता निलंबित झाला. चौकशी दीड महिना चालली. पोलिसांनीही जबाब घेतले. खटला भरला नाही.

या दीड महिन्यात मंडळाने एक काम केलं आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. त्यांनी सातपैकी पाच संस्थापकांना गाठून एका व्हिडिओ कॉलवर आणलं. विचारायचं होतं ते हेच की काडीची प्रथा कोणी सुरू केली. चॅप्टरमधल्या मुलांची ठाम समजूत होती की ती पहिल्या दिवसापासूनची. रात्रीच्या अंधारात सोबत करायला गेलेल्या संस्थापकांची आठवण म्हणून हातात ज्योत. एज्युकेटरने चौकशी समितीसमोरही हेच सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच शिकवलं होतं.

संस्थापक एकमेकांकडे बघायला लागले. कोणालाच काही आठवेना, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच. पहिली तुकडी मेसमधल्या एका टेबलावर कागदावर सह्या करून झाली होती. दुसरीही तशीच. तिसऱ्या-चौथ्या तुकडीच्या सुमारास दुसऱ्या मोठ्या फ्रॅटर्निट्या आपल्याला हसतात, ‘तुमच्याकडे फुकटात ब्रदर होतात’ म्हणतात, अशी कुरकुर सुरू झाली आणि कोणीतरी काडेपेटी आणली. ज्योतीचा अर्थ तिला नंतर चिकटवला. ढोल-ताशा पथकात नव्या पोराला महिनाभर आधी झांज धरायला लावतात ते हात आणि कान तयार व्हावेत म्हणून. उद्या कोणी त्याला उन्हात उभं करून संस्थापकांच्या जयंत्या विचारायला लागला तर त्याला वादन म्हणता येणार नाही. इथे नेमकं तेच झालं होतं, आणि पंधरा वर्षं कोणी मूळ माणसांना एक फोन केला नव्हता.

एका संस्थापकाने विचारलं, अजून कोणी लायब्ररीपाशी सोबतीला जातं का? नव्हतं जात. ते काम बंद पडून दहा वर्षं झाली होती. पुस्तिकेत मात्र त्याच्यावर दोन पानं होती, आणि ती तोंडपाठ होती सगळ्यांना.

निष्पत्ती

विद्यापीठाने चॅप्टर दोन सत्रांसाठी निलंबित केला. सल्लागाराने आपणहून कळवल्यामुळे ही शिक्षा सौम्य झाली, असं निकालपत्रात लिहिलं होतं. एज्युकेटर आणि दोन वरिष्ठांवर वैयक्तिक कारवाई झाली. सहा प्लेजपैकी चौघे वर्षभराने परत आले. मराठी मुलगा आला नाही. घरी त्याचं आणि आईचं बोलणं बरेच दिवस हो-नाहीपुरतंच होतं. त्याला राग होता तो मुख्यतः तिने फोन सल्लागाराला केला याचा; विद्यापीठाला केला असता तर निदान महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चर्चा झाली नसती.

उमेदवारीचा काळ रद्द झाला. निमंत्रणानंतर चार दिवसांत सदस्यत्व. इतिहास आता सदस्य झाल्यावर शिकायचा, आणि तो नव्यांनीच नाही, सगळ्यांनी: दर सत्रात प्रत्येकाने एका माजी सदस्याची मुलाखत घेऊन ती लिहून ठेवायची. पहिल्या वर्षी निम्म्यांनी केली. वरिष्ठ टाळाटाळ करतात. रात्रीची सोबत आठवड्यातून दोन दिवस पुन्हा सुरू झाली. तिला प्रतिसाद मुलींकडून जास्त आहे.

सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या चॅप्टरच्या माजी सदस्यांनी वर्गणी बंद केली. उमेदवारी न करता आलेल्यांना या वर्तुळात ‘पेपर’ म्हणून हिणवतात, म्हणजे फक्त कागदावरचे ब्रदर. नव्या मुलांना हे ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यांतले काहीजण ‘आम्हालाही थोडं काहीतरी करू द्या’ म्हणून मागे लागतात. या मागणीचं काय करायचं हे मंडळाला अजून उमगलेलं नाही. कष्ट केल्याशिवाय नातं खरं वाटत नाही ही भावना निव्वळ मूर्खपणाची म्हणून उडवून देता येत नाही. तिला दुसरं काम द्यावं लागतं, आणि आठवड्याच्या दोन रात्री त्याला पुरत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवार ते सोमवार. या चाळीस तासांत दुखापत झाली नाही, हे नशीब. पण एका मुलाला पहाटे दोनपर्यंत ‘कोण बोललं’ म्हणून घेरलं गेलं, ते या दिरंगाईमुळेच. सल्लागाराने अध्यक्षाला फोन केला तो थांबवण्यासाठी. परिणामी तक्रार झाल्याची वर्दी आधी चॅप्टरला मिळाली आणि विद्यापीठाला नंतर. क्रम उलटा हवा होता. शनिवारी रात्री विद्यापीठाच्या तातडीच्या क्रमांकावर एक फोन, आणि प्लेजना सरळ निरोप की उद्या कुठेही जायचं नाही, एवढं जमण्यासारखं होतं.

दुसरं म्हणजे ज्याने काडी धरली आणि धरवली, त्याच्याच हाती निर्णय होता. पाचातल्या चौघांनी आपल्याला काही झालं नाही या हिशेबाने धोका मोजला. मंडळात बाहेरचा एखादा माणूस, कोणी प्राध्यापक, कोणी पालक असता तर पहिल्या वाटेला इतक्या सहज होकार मिळाला नसता. आता एक प्राध्यापिका आहेत.

खुणा आधीही दिसत होत्या. सहाही जणांचे सहामाही गुण घसरले होते आणि तो तक्ता चॅप्टरच्या ‘विद्या’ पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे होता. त्याने तो विद्यापीठाला वेळेवर भरून पाठवला. मूल्यांपैकी एक कोसळत असल्याचा पुरावा रकान्यात भरून सही करून दिला, आणि तो तिथेही कोणी वाचला नाही.

एज्युकेटरबद्दल मतं दुभंगलेली आहेत. माझं असं की त्याला झालेली शिक्षा योग्य होती, पण त्याला शिकवणारे, म्हणजे मंडळातले चौघे, एका माफीच्या मेलवर सुटले. तो त्या मेलला उत्तर देत नाही, यात नवल नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हेझिंगविरोधी संघराज्य कायदा झाला. त्यानुसार अशी प्रकरणं आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं कॉलेजांना जाहीर करावी लागतात. हे प्रकरण त्याआधीचं, त्यामुळे त्याची सार्वजनिक नोंद कुठेही नाही. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघते आहे. तिच्यात निलंबनाचं वर्ष चार ओळींत यावं असं मंडळातल्या तिघांचं म्हणणं आहे. दोघांचं म्हणणं, ते वर्ष सरळ वगळावं. संस्थापकांना विचारलं तर त्यांनी चार ओळी कमी आहेत असं कळवलं. मतदान अजून व्हायचं आहे.